थेंब कोणी टाकायचा

"पाणी आहे," प्रेरणा म्हणाली.

तिनं ते हळूच म्हटलं, पण दूध डेअरीची खोली एवढीशी की हळू बोललेलंही बाहेरच्या रांगेपर्यंत जातं. मशीनच्या काचेत लाल आकडे आले होते. दुसऱ्या कोणाचं दूध असलं की ती फॅट किती, डिग्री किती, हे घडाघड सांगून पुढची किटली ओढते. या वेळी तिनं आकडे वाचलेच नाहीत. मशीनची नळी दुधातून काढून फडक्याला पुसत बसली.

"पुन्हा लाव," कडूबा म्हणाला.

"दोनदा लावलं, आबा. दोन्ही डाव तेच येऊन राह्यलं."

"तिसऱ्यानं लाव."

"मशीन नाही थकत, आबा. पण मागं लोकं खोळंबून राह्यले."

पौषातली सकाळ होती. सुलतानपूरकडून येणारी एसटी अजून आली नव्हती. रांगेतली माणसं कानाला रुमाल बांधून, किटल्या पायाशी ठेवून उभी होती. शिवारात तुरी सोंगायला आलेल्या, त्यामुळे सगळ्यांनाच घाई. मी आत बाकावर बसलो होतो. मी दूध घालत नाही, घरापुरतं विकत घेतो. सगळे घालणारे आणि घेणारा मी एकटा, म्हणून माझं काम शेवटी होतं, आणि तोवर मला बसायला बाकाचा कोपरा ठेवलेला असतो. गावचं वाचनालय मी बरीच वर्षं चालवलं. तिथंही मी असाच कोपऱ्यात बसायचो.

"अव प्रेरणा, त्या मशीनले घोटभर च्या पाज," रांगेतून निवृत्ती म्हणाला. "थंडीनं काकडून खोटं बोलत असन ते." मग कडूबाकडे वळून, "काय हो मामा, म्हैस पाण्यात बसून पिळता का? तरी बरं, लोणारच्या तळ्यात नेत नाही. दूध खारट आलं असतं."

दोघं-तिघं हसले. निवृत्तीच्या बोलण्यावर हसायची गावाला सवयच आहे. पण हसणं लगेच थांबलं, कारण कडूबा काहीच बोलला नाही. दिवाळीच्या आधी त्यानं निवृत्तीला अशी शिवी हासडली असती की तीही लोकांनी दिवसभर पुरवून पुरवून वापरली असती. आता तो किटलीच्या झाकणाकडे बघत उभा होता.

डेअरीचा सचिव दयाराम टेबलामागून उठला. माणूस वाईट नाही. पण केंद्रावर वरून तपासणीचं पथक येऊन गेल्यापासून तो घाबरून असतो.

"मामा, हे तिसरं डाव आहे," तो म्हणाला. "पह्यल्यांदा मी बोललो नाही. दुसऱ्यांदा तुम्हाले घरी येऊन सांगतलं. आता कमिटीचा नियम आहे. तिसऱ्यांदा पाणी निघालं तर त्या घरची किटली बंद. मंग कायमची बंद."

"आमच्या घरी दुधात पाणी घालत नाहीत."

"मी कुठी म्हणतो तुमी घालता. मशीन म्हणते."

"आमच्या घरी घालत नाहीत," कडूबा पुन्हा म्हणाला. आवाज चढला नाही. कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं तो ते सांगत होता. "तू असं कर. उद्या सकाळी माह्या गोठ्यात ये. तुह्या डोळ्यापुढे पिळतो. त्यात पाणी निघालं तर म्हैस बाजारात नेऊन टाकतो. नाही निघालं तर त्या डब्ब्यावर फडकं टाक."

"गोठा-तपासणी मागता म्हणता?"

"हाव."

"मंग दोन पंच लागतीन."

"हा एक," कडूबानं माझ्याकडे बोट केलं. "अन् दुसरा हा," म्हणून निवृत्तीकडे.

निवृत्तीचं तोंड एवढंसं झालं. "मी कायले, मामा? मी आपलं हसण्यावारी बोललो."

"म्हणूनच ये."

दयारामनं त्या दिवशीचं दूध घेतलं नाही. कडूबा भरलेली किटली घेऊन परत निघाला. मी माझं दूध न घेताच त्याच्या मागं गेलो. मारुतीच्या पारापर्यंत आम्ही तसेच गेलो. हापशीजवळ तो जरा थांबला, किटलीकडे बघितलं, आणि पुन्हा चालायला लागला.

कडूबाची आणि माझी भिंत एकच आहे. त्या घरातलं मला कळतं ते भिंतीतून कळतं, म्हणून मी सांगतो त्यात थोडंफार इकडचं तिकडे असेल. कडूबा, त्याची बायको सरस्वतीबाई, आणि सून डिंपल, अशी तीन माणसं त्या घरात आहेत. मुलगा गोपाल दिवाळीनंतर गेला. मेहकरहून मोटारसायकलवर येत होता, रस्त्यात बिनदिव्याची ट्रॉली उभी होती, तिच्यावर जाऊन आदळला. तेव्हापासून त्या घरातून भांड्यांचे आवाज येतात, बादलीचा येतो, म्हैस खुंट्याला अंग घासते त्याचा येतो. माणसांचा येत नाही. आधी रडण्याचा यायचा. आता तोही नाही.

म्हैस गोपालनंच आणलेली. मुऱ्हा, काळी कुळकुळीत, शिंगं जिलबीसारखी वळलेली. घटस्थापनेच्या सुमारास ती व्याली आणि इतकं दूध द्यायला लागली की गोपालला घरात बसवेना. तिच्यापाशी उभं राहून फोटो काढला, मोबाईलवर स्टेटसला ठेवला, आणि खाली लिहिलं, 'आमची लक्ष्मी.' ज्याचा फोन येईल त्याला आधी म्हशीचं सांगायचा, मग कामाचं. खामगावहून सरकी ढेप आणायचा आणि तिच्यापुढे अशी मांडायचा की जावई जेवायला बसलाय. आणि मग तो गेला. लोक तिसऱ्याच्या दिवशीच म्हणाले, नजर लागली. म्हशीला लागायची ती पोराला लागली. काहींनी सुनेच्या पायगुणाचंही काढलं. निवृत्तीच्या घरूनच ते निघालं असं ऐकलं, पण मी ते प्रत्यक्ष ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या बेताला आम्ही गोठ्यात जमलो. धुकं होतं. गोठ्याच्या मागं हरभऱ्याचा तुकडा आहे, त्याचा आंबूस वास येत होता. दयारामनं मशीन आणलं नव्हतं. शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यानं ती उलगडली. आत काचेची लांब नळी होती, खाली फुगीर, वर बारीक, आकडे आखलेली. तिला गावात 'डिग्री' म्हणतात. मशीन यायच्या आधी दुधाचा न्याय हीच करायची.

"मशीन नाही आणलं?" निवृत्तीनं विचारलं.

"मशीन आतमधी काय करते ते दिसत नाही. ही सगळ्यायच्या डोळ्यापुढे तरंगते. पाणी असलं की बुडते, दूध चांगलं असलं की वर राह्यते."

"म्हणजे माणसाच्या उलट," निवृत्ती म्हणाला. "आपल्यात जो चांगला असते तो बुडते." कोणी हसलं नाही, तेव्हा त्यानं पायानं कुटाराचा भुसा बाजूला सारला.

सरस्वतीबाईंनी बादली आणून दयारामच्या पुढे उपडी केली. आत काही नाही हे दाखवलं, हाताच्या बाह्या वर सारल्या, दोन्ही तळवे पुढे केले. चोरी पकडायला आलेल्या माणसाला झडती द्यावी तशी. दयारामला कसंतरी झालं असावं. "मामी, राहू द्या, तेवढं नको," तो म्हणाला.

"पाहून घे."

डिंपलनं रेडकू सोडलं. त्यानं दोन ढुशा दिल्या, म्हशीनं पान्हा सोडला, तशी डिंपलनं त्याला मागं ओढून दाव्याला धरून ठेवलं. ती बावीस-तेवीस वर्षांची असेल. डोक्यावरून पदर घेतलेला, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता. सरस्वतीबाई उकिडव्या बसून धार काढत होत्या. बादलीत आधी टणटण वाजलं, मग फेस चढला तसा आवाज मऊ होत गेला.  म्हैस कडबा चघळत होती आणि मधूनमधून मान वळवून आमच्याकडे बघत होती. रोजच्यापेक्षा माणसं जास्त का, एवढंच कोडं तिला पडलं असेल.

धार संपली. दयारामनं उभट भांड्यात दूध ओतून घेतलं, पण नळी टाकली नाही.

"टाक ना," कडूबा म्हणाला.

"आताच पिळलेलं दूध ऊन असते, मामा. त्यात फेस असते. नळी खोटी सांगन, अन् मंग तुमीच म्हणसान दयारामनं फसवलं. थंडं होऊ द्या."

"किती येळ?"

"होऊ द्या थंडं."

मग आम्ही दूध थंड व्हायची वाट बघत बसलो. डिंपल आत जाऊन चहा करून आली. तिनं प्रत्येकापुढे कप ठेवला, निवृत्तीपुढेही ठेवला. त्यानं तो घेतला आणि वर बघितलं नाही.

"वहिनी, दूध लय घट्ट आहे हो तुमच्याकडलं," तो कपाशी बोलल्यासारखं म्हणाला. "चहाच सांगते."

डिंपल रेडकापाशी जाऊन उभी राहिली.

"आडात असन तं पोहऱ्यात येईन," दयाराम म्हणाला. "पाहू आता आडात काय आहे ते."

"तुमच्या कमिटीतल्यायनं तिकडे किटली बंद केली तं आम्ही कुठी घालावं?" कडूबानं विचारलं. "तो खाजगी दुधाचा गाडीवाला?"

"गाडीवाला घेईन. पण तो फुकटात मागते. अन् एकदा इथून बंद झाल्यावर तो काऊन चांगला भाव देईन? तो म्हणन, पाण्याचंच दूध आहे."

"मंग म्हैस ठेवून काय करावं."

"तसं नका म्हणू."

"मी म्हणून नाही राह्यलो. विचारून राह्यलो."

सरस्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "ती विकाची नाही," त्या म्हणाल्या. एवढंच. कडूबानं मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. त्या म्हशीशिवाय गोपालच्या हातचं असं त्या घरात दुसरं काही उरलं नव्हतं. मोटारसायकल भंगारात गेली होती.

दयारामनं भांड्याला बाहेरून हात लावून बघितला, फेस बाजूला सारला आणि नळी सोडली. नळी खाली गेली, वर आली, जरा डुलली आणि थांबली. आम्ही सगळे वाकलो. मला चष्म्यातून आकडा दिसेना, पण मी दिसल्यासारखी मान हलवली.

"तीस," दयाराम म्हणाला. "निवृत्ती, तू पाह्य."

निवृत्तीनं डोळा काचेला लावला. "तीसच आहे राजेहो. पाणी नाही थेंबभरबी."

"झालं?" कडूबानं विचारलं.

दयारामनं नळी पुसून रुमालात गुंडाळली. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता. "मामा, म्हशीत खोट नाही हे झालं. पण मंग डेअरीत येईस्तोवर पाणी येते कुठून? वाटेत तं आभाळातून पडत नाही."

"मले काय माहीत. आमच्या घरी घालत नाहीत."

याच वेळी ते घडलं. सरस्वतीबाई उठल्या. तपासणी झाली, आता रोजचं काम, अशा बेतानं त्यांनी बादली उचलली. गोठ्याच्या दाराशी पाण्याचा माठ होता. बादली टेकवून त्यांनी माठात दोन्ही हात बुडवले, ओंजळभर पाणी घेतलं आणि आम्हा सगळ्यांच्या देखत बादलीत सोडलं. ओठ हलले. मग पदर सावरून, बादली उचलून त्या घराकडे निघाल्या.

दयारामचं तोंड उघडंच राहिलं.

"मामी," तो म्हणाला, "हे काय केलं?"

"काय केलं?"

"पाणी टाकलं तुमी."

"पाणी कुठी? थेंब टाकला."

आता हे गावाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे निखळ दूध कोणी घराबाहेर जाऊ देत नाही. जावयालाही देत नाही आणि देवालाही देत नाही. पाण्याचा एक थेंब बोटानं त्यात सोडायचा आणि मग ते उंबऱ्याबाहेर काढायचं. नाहीतर जनावराच्या कासेला नजर लागते, ते आटतं, लाथा मारतं. माझी आई टाकायची, माझी बायको टाकायची. याला आमच्यात कोणी दुधात पाणी घालणं म्हणत नाही. दुधात पाणी घालणारा वेगळा, तो चोर. हे दुधाचं रक्षण. त्यामुळे सरस्वतीबाई खोटं बोलत नव्हत्या, आणि कडूबाही बोलत नव्हता.

"मामी, थेंब म्हणजे थेंब असते," दयाराम म्हणाला. "हे वंजळभर आहे."

सरस्वतीबाईंनी आपल्या ओल्या हातांकडे बघितलं. "आधी थेंबच टाकत होतो. आधी तं मी टाकतच नव्हती, गोपाल टाके. धार तोच काढे ना. मंग तो..." त्या थांबल्या. "मंग मी टाकू लागली. एका थेंबानं काय होते, असं वाटे. एवढा टाके तो रोज, तरी काय झालं. म्हणून जराकसा जास्त टाकते."

"पण एका वंजळीनं एवढं पाणी दाखवत नाही मशीन," दयाराम स्वतःशीच म्हणाला. "हे कमी आहे."

"मी पण टाकते," डिंपल म्हणाली.

ती रेडकाचं दावं धरून उभी होती. तिचा आवाज मी त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ऐकला.

"तू कुठी टाकते व?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"घरात. गाळताना."

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणीच नाही. मले वाटलं, हे टाकत होते, आता कोणी टाकत नसन. तुम्हाले कसं विचारू मी." ती दावं बोटाला गुंडाळत होती. "अन् मले वाटे, माह्या हातचा लागू होत नसन. लोकं काय म्हणतात ते मले माहीत आहे. म्हणून मीबी जास्त टाकते. वाटीभर टाकते."

निवृत्तीनं कप खाली ठेवला. ठेवताना तो कलंडला, तरी त्यानं उचलला नाही.

आम्ही सगळे कडूबाकडे बघायला लागलो. तो म्हशीच्या पाठीवरचं शेणाची खपली काढत होता.

"मामा?" दयाराम म्हणाला.

"हापशीपाशी," कडूबा म्हणाला. "पारापाशी. किटलीचं झाकण उघडून टाकतो. मारुतीच्या समोर." त्यानं नखातलं शेण झटकलं. "या बायकायच्या ध्यानात कुठी राहते आता, असं वाटे मले. दोघी दिवसभर भिताडाकडे पाहत बसतात."

दयाराम उकिडवा बसला. हसावं की काय करावं ते त्याला कळेना. "एका घरी तीन जणं," तो म्हणाला. "एका किटलीत. अन् एकमेकाले माहीत नाही?"

 मला त्याचं नवल वाटलं नाही. गोपाल गेल्यावर त्या घरात वाटून घ्यायची सगळी कामं न बोलताच वाटली गेली होती. ढेप कोणी भिजवायची, कडबा कोणी आणायचा, किटली कोणी न्यायची. हे एकच काम तिघांनी उचललं होतं.

"आता असं करा," दयाराम म्हणाला. "मी कमिटीले सांगतो, म्हशीचं दूध निखळ निघालं, चूक घरात झाली. उद्याचा एक दिवस मागून घेतो. पण उद्या पाणी निघालं तं माह्याकडून काहीच होणार नाही. किटली बंद. म्हणून कोणीच काही टाकू नका. समजलं ना?"

"निखळ दूध मी दाराबाहेर जाऊ देणार नाही," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"मामी, ऐका ना."

"बंद कर तुही किटली. पण निखळ नाही जाऊ देणार. नजरेनं काय होते ते एक डाव पाह्यलं मी." त्यांचा आवाज सपाटच होता. "तुह्या घरी काय निखळ जाते का? इचार तुह्या मायले."

दयारामनं कान खाजवला. "टाकते," तो म्हणाला. "माह्या घरी बी टाकते. पण थेंब टाकते. बोटाचा. त्यानं मशीनले काही होत नाही."

"मंग आमीबी थेंबच टाकू."

"हाव, पण कोण? तिघं मिळून नका टाकू. एक माणूस पक्का करा."

"तू टाक," कडूबा बायकोला म्हणाला.

"मले इसर पडते," सरस्वतीबाई म्हणाल्या. "टाकला का नाही टाकला, ते ध्यानात राहत नाही. मंग पुन्हा टाकते. काल दोन डाव टाकला असन मी. तुमी टाका."

"माह्या हाताले थेंब माहीत नाही. वंजळच माहीत आहे."

 म्हशीनं शेपटी मारली. सरस्वतीबाईंनी बादली खाली ठेवली.

"डिंपल टाकन," त्या म्हणाल्या.

डिंपलनं एकदम वर बघितलं. पदर मागं गेला, तो तिनं सावरला नाही. "आई, मी नको."

"काऊन?"

"मी कशी टाकू. अशा कामाले माहा हात... लोकं म्हणतीन, पाह्य, आता म्हैसबी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"लोकं कोण?" सरस्वतीबाईंनी विचारलं. त्यांनी निवृत्तीकडे बघितलं नाही, पण निवृत्ती उभा राहिला आणि पुन्हा बसला. "थेंब बोटानं टाका लागते. कपाळानं नाही टाका लागत. तुह्या बोटाले काय झालं?"

"काही नाही."

"मंग टाक."

"अन् किटलीबी तूच ने," कडूबा म्हणाला. "मी नेली तं हापशीपाशी माहा हात जाईन."

 रेडकू सोडून डिंपल बादली उचलायला आली. त्या बादलीतलं दूध त्या दिवशी डेअरीत गेलं नाही. घरीच विरजण लावलं असावं. निवृत्ती माझ्याबरोबर बाहेर पडला. बोळ संपल्यावर म्हणाला, "काका, म्हशीचे शिंगं म्हशीले जड नसतात म्हणतात. खोटं आहे ते." मी हं म्हणालो. यापेक्षा बरं काही मला सुचायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी डेअरीत रोजच्यापेक्षा गर्दी होती. गोठ्यातली हकिगत गावभर झाली होती. निवृत्तीनं सांगितली की दयारामनं, कोण जाणे. मी सांगितली नव्हती. लोकांनी दूध घालून घरी जायचं ते गेले नाहीत, भिंतीच्या उन्हाला उभे राहून तंबाखू मळत राहिले.

डिंपल आली. हातात किटली. तिच्यामागं कोणी नव्हतं. गोपाल गेल्यापासून ती गावातून अशी एकटी चाललेली कोणी बघितली नसावी. रांगेतल्या बायाबापड्या बाजूला झाल्या. त्या वाट द्यायला झाल्या की अंग चोरायला, ते मला ओळखता आलं नाही. ती रांगेच्या शेवटी उभी राहायला गेली.

"वहिनी, तुमी जा पुढं," निवृत्ती म्हणाला. त्याची किटली पहिल्या नंबरला होती. ती त्यानं पायानं बाजूला सरकवली. "मले घाई नाही."

"तुले कवा घाई नसते बे?" मागून कोणीतरी म्हणालं.

"आज नाही," निवृत्ती म्हणाला.

डिंपलनं किटली प्रेरणापुढे ठेवली आणि दोन पावलं मागं सरून उभी राहिली. प्रेरणानं पळीनं दूध ढवळून कपात घेतलं, कप मशीनच्या नळीखाली धरला. मशीननं घरघर केली. दयाराम टेबलावरचे कागद सारखे करत होता, ते आधीच सारखे होते. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बाहेर तंबाखू मळायचा आवाजही थांबला होता, किंवा मला तसं वाटलं.

लाल आकडे आले. प्रेरणानं ते बघितले. मग नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचले. फॅट सात. डिग्री तीस. "पाणी शून्य."

दयारामनं श्वास सोडला. "लागली किटली," तो म्हणाला. "चालू आहे किटली."

भिंतीपासून माणसं हलली, एकेक करून आपापल्या कामाला निघाली. झालं ते झालं, बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रेरणानं किटली मोठ्या कॅनमध्ये रिकामी केली आणि डिंपलपुढे धरली. डिंपलनं ती घेतली नाही. ती मशीनच्या काचेकडे बघत होती.

"शून्य?" तिनं विचारलं.

"हाव. एकदम शून्य."

"पण म्या टाकला होता."

"काय?"

"थेंब. गाळून झाल्यावर. आई उभी होती." ती उजव्या हाताच्या बोटाकडे बघत बोलत होती. "तो काऊन नाही दाखवत ते?"

प्रेरणाला आधी समजलं नाही. मग समजलं. तिनं मागच्या रांगेकडे बघितलं, दयारामकडे बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"एवढासा थेंब त्याले दिसत नाही, वहिनी."

"दिसत नाही?"

"नाही. फार बारीक असते ते. मशीनच्या हातचं नाही."

"म्हणजे पडला असन ना तो?"

"तुमीच टाकला ना?"

"हाव."

"मंग पडला," प्रेरणा म्हणाली, रिकामी किटली तिच्या हातात दिली आणि निवृत्तीची ओढून घेतली.